डेबियनवर आधारित डिस्ट्रो आणि फरकाचा हिशेब

शाळांच्या संगणक कक्षांमध्ये लिनक्स बसवून देणाऱ्या एका छोट्या गटात मी काम करतो. या गटात दर उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणीतरी 'आता आपली स्वतःची डिस्ट्रो काढू या' असा प्रस्ताव मांडतो. डिस्ट्रो म्हणजे लिनक्स आणि त्यावरचे कार्यक्रम यांचा तयार संच. नाव ठरलेले असते, बोधचिन्ह तयार असते, वॉलपेपरसाठी रायगडाचे छायाचित्रही निवडून झालेले असते. पुढच्या वर्षी त्याच संगणकांवर ब्राउझरची सुरक्षा-दुरुस्ती कशी पोहोचणार, याबद्दल मात्र चकार शब्द नसतो. दुसऱ्या डिस्ट्रोच्या पायावर आपली डिस्ट्रो उभी करणे आज तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेले नाही. साधने मोफत आहेत, मुरलेली आहेत आणि एका संध्याकाळी चालू होणारी आयएसओ, म्हणजे पेनड्राइव्हवर उतरवून संगणक सुरू करता येणारी प्रणालीची फाइल, हातात देतात. खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते किती वाढेल हे आपण मूळ डिस्ट्रोपासून किती व कोणत्या रीतीने वेगळे झालो यावर अवलंबून असते. मुळापासूनचा प्रत्येक फरक म्हणजे आपण अंगावर घेतलेले कायमचे काम. तो मोजता आला पाहिजे, त्याचे कारण सांगता आले पाहिजे आणि गरज संपली की तो काढून टाकता आला पाहिजे. या लेखातली उदाहरणे डेबियनची आहेत, कारण माझा हात त्यावरच बसलेला आहे आणि उबुंटू, काली, टेल्स, रास्पबेरी पाय ओएस अशा कितीतरी डिस्ट्रो त्याच पायावर उभ्या आहेत.

स्वतंत्र डिस्ट्रो हवीच का, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'नको' असे येते. डेबियनमध्ये 'प्युअर ब्लेंड' नावाची व्यवस्था आहे. एखाद्या विशिष्ट वर्गाला लागणारी निवड आणि मांडणी डेबियनच्या आत राहूनच करायची आणि सर्व पॅकेजे (बसवण्यासाठी बांधून ठेवलेले कार्यक्रम) डेबियनच्याच रिपॉझिटरीत (पॅकेजांच्या कोठारात) ठेवायची, असे तिचे स्वरूप. नॉर्वेत २००१ मध्ये शाळांसाठी सुरू झालेला स्कोललिनक्स हा प्रकल्प याच वाटेने डेबियन एज्यु म्हणून डेबियनचा भाग झाला. वैद्यक आणि जीवशास्त्र यांसाठीचा डेबियन मेड हाही ब्लेंडच. दुसऱ्या टोकाला टेल्स आहे. सगळी इंटरनेट-वाहतूक टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यातून नेणे आणि संगणक बंद केल्यावर त्यावर मागमूस न ठेवणे ही त्याची उद्दिष्टे सर्वसाधारण डेबियनच्या गृहीतकांपासून इतकी दूर आहेत की तेथे वेगळी चूल मांडणे रास्त ठरते. डेव्हुअनचे कारण आणखी निराळे. डेबियनने सिस्टमडी (संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणारा कार्यक्रम) स्वीकारल्यावर २०१४ च्या अखेरीस त्याची घोषणा झाली, कारण त्या मंडळींचा मतभेद थेट पायाशीच होता.

आमच्या शाळांना मराठी कळफलक, लिबरऑफिस, जीकॉम्प्री हा मुलांचा शैक्षणिक खेळसंच आणि मुलांना बिघडवता न येणारा डेस्कटॉप एवढेच हवे असते. यातले काहीही डेबियनशी भांडण करायला लावणारे नाही. केरळमधील काइट ही सरकारी संस्था उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली शाळांना पुरवते, आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची बॉस ही डिस्ट्रो डेबियनवर आधारलेली आहे. पण या दोन्हींमागे पगारी मनुष्यबळ आहे. मूठभर स्वयंसेवकांनी मधला मार्ग धरावा, असे माझे ठाम मत आहे. डेबियन जसाच्या तसा घ्यावा, त्याच्या मिररवरूनच (रिपॉझिटरीची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरूनच) अपडेट घ्यावेत आणि वर आपली अगदी लहान, मोजक्या पॅकेजांची रिपॉझिटरी जोडावी. लिनक्स मिंटसारखी लोकप्रिय डिस्ट्रोही मुळात याच रचनेवर चालते. ती उबुंटूच्या रिपॉझिटरी थेट वापरते आणि आपली पॅकेजे वरून पुरवते. स्नॅप (उबुंटूची पॅकेजांची वेगळी पद्धत) नको हा मिंटचा २०२० पासूनचा निर्णयसुद्धा पॅकेजे आणून बसवणाऱ्या ॲप्टच्या प्राधान्यक्रमाच्या एका छोट्या फाइलमध्ये मावला आहे. ती फाइल काढली की फरक संपला. फरक असावा तर असा.

पाया म्हणून डेबियनची कोणती शाखा घ्यावी, यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. स्टेबल सुमारे दोन वर्षांनी येते, तिला साधारण तीन वर्षे पूर्ण आणि पुढे दोन वर्षे दीर्घकालीन आधार मिळतो, आणि शाळेला तेच मानवते. काली २०१३ मध्ये स्टेबलवरच सुरू झाली होती आणि २०१६ पासून टेस्टिंगवर, म्हणजे पुढच्या स्टेबलच्या तयारीच्या शाखेवर, आधारलेल्या रोलिंग (सतत अद्ययावत होणाऱ्या) पद्धतीकडे गेली, कारण सुरक्षा-तपासणीची साधने सतत ताजी लागतात. पण त्यामागे रोज राबणारा चमू आहे. एक गोष्ट मात्र आधी तपासून घ्यावी. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिटी संगणकांसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल (प्रणालीचा गाभा) उरलेले नाहीत. देणगीत आलेले जुने संगणक कपाटाशेजारी रचून ठेवलेले असतील, तर त्यांतले ३२-बिटी किती याची यादी पाया निवडण्यापूर्वीच करावी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नवख्या मंडळींची आयएसओ बांधण्याची पद्धत ठरलेली असते. चालू प्रणालीत क्रूटने (एखाद्या फोल्डरलाच संपूर्ण प्रणाली मानून आत काम करण्याच्या सोयीने) शिरायचे, हवे ते बसवायचे, ईटीसी या मांडणीच्या फोल्डरमधल्या फाइली हाताने बदलायच्या, चिन्हे आणि चित्रे कॉपी करायची आणि त्या सगळ्याची स्क्वॉशएफएस (दाबून लहान केलेली प्रत) करून आयएसओ गुंडाळायची. क्युबिकसारखे साधन हेच खिडक्या आणि बटणे देऊन करते. एकदाच वापरायच्या आयएसओपुरते हे ठीक आहे. पण अशा प्रणालीत काय बदलले, कोणी बदलले आणि का बदलले, याची नोंद कुठेही राहत नाही, आणि जे संगणक आधीच बसवले आहेत त्यांच्यापर्यंत पुढची सुधारणा नेण्याचा रस्ताच नसतो. म्हणून पहिला नियम असा की जो बदल संगणकावर राहायचा आहे तो डेब पॅकेजमधूनच गेला पाहिजे. वॉलपेपर, कळफलकाची मांडणी, ब्राउझरचे मुखपृष्ठ, छपाईयंत्राची जुळणी, सगळे पॅकेजमध्ये. आयएसओ बांधणाऱ्या स्क्रिप्टने फक्त ती पॅकेजे उचलावीत.

हे नुसते शिस्तीचे खूळ नाही. ईटीसीमधील फाइल दुसऱ्या एखाद्या पॅकेजच्या मालकीची असते. ती आपण आयएसओ बांधताना परस्पर बदलली, तर त्या वेळी काहीच घडत नाही. काही महिन्यांनी डेबियनकडून त्या पॅकेजचे अपडेट येते आणि त्यात तीच फाइल थोडी बदललेली असते. पॅकेजे प्रत्यक्ष बसवणाऱ्या डीपीकेजीला दिसते की ही फाइल स्थानिक कोणीतरी बदलली आहे आणि नवीही वेगळी आहे, म्हणून तो पडद्यावर विचारतो: तुमची ठेवू की नवी घेऊ? प्रश्न बहुधा इंग्रजीत, आणि समोर बसलेले असतात चित्रकलेचे सर, ज्यांच्याकडे संगणक कक्षाची किल्ली आहे. याहून वाईट प्रकार अनअटेंडेड-अपग्रेड्स हा आपोआप अपडेट बसवणारा कार्यक्रम चालू असेल तेव्हा होतो. असा प्रश्न विचारला जाणार हे त्या कार्यक्रमाला आधीच कळते आणि माणसाच्या गैरहजेरीत निर्णय नको म्हणून तो ते पॅकेज वगळून पुढे जातो. नोंदवहीत एक ओळ पडते, ती कोणी वाचत नाही, आणि सुरक्षा-दुरुस्ती त्या संगणकावर कधीच येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे दुसऱ्याच्या फाइलला हात न लावणे. आजकाल बहुतेक कार्यक्रम आपल्या मुख्य फाइलशेजारी 'डॉट डी' असा फोल्डर ठेवतात. आपली वेगळी छोटी फाइल त्यात टाकली की काम होते. ग्नोम या डेस्कटॉपच्या पूर्वनियोजित निवडी बदलायच्या असतील तर जीस्किमा-ओव्हरराइड नावाची फाइल पॅकेजमधून द्यावी; वापरकर्त्याने स्वतः केलेली निवड तिच्यामुळे पुसली जात नाही. पुष्कळ जण याऐवजी ईटीसीमधील स्केल या फोल्डरमध्ये घरच्या फोल्डरची तयार प्रत भरून ठेवतात. ती फक्त नव्याने उघडलेल्या खात्यांना लागू होते, जुन्या खात्यांना नाही, हे नंतर ध्यानात येते. जिथे मुख्य फाइल बदलण्याशिवाय गत्यंतरच नाही, तिथे कॉन्फिग-पॅकेज-डेव्ह वापरावे. एमआयटीमधील डेबअथेना या प्रकल्पातून आलेले हे साधन डीपीकेजी-डायव्हर्टच्या आधाराने मूळ फाइल बाजूला सरकवते आणि तिच्या जागी आपली ठेवते. पॅकेजच्या 'डेबियन' फोल्डरमध्ये 'डिस्प्लेस' नावाच्या फाइलीत कोणती फाइल सरकवायची ते एका ओळीत लिहायचे. मूळ फाइलवर स्क्रिप्ट चालवून नवी तयार करायची असेल तर 'ट्रान्सफॉर्म'. मला यात सर्वांत आवडते ते असे की आपले पॅकेज काढून टाकले की मूळ फाइल आपोआप जागेवर येते. कोणत्या फाइलींवर आपण अतिक्रमण केले आहे, याची यादीही डीपीकेजी-डायव्हर्टला विचारली की लगेच मिळते.

पॅकेजांची निवड मेटापॅकेजमध्ये ठेवावी. त्यात स्वतःचे काही नसते, फक्त इतर पॅकेजांची नावे असतात. आमच्या मराठी मेटापॅकेजात लोहितचे देवनागरी फाँट, नोटोचे फाँट, टंकलेखनासाठी आयबस आणि त्याचे एम१७एन, लिबरऑफिस व फायरफॉक्स यांचे मराठी भाषांतर आणि चित्रातला मजकूर वाचणाऱ्या टेसरॅक्टचा मराठी संच एवढी नावे आहेत. ती 'डिपेंड्स'मध्ये न घालता 'रेकमेंड्स'मध्ये घालावीत. सक्तीच्या यादीतले एक जरी पॅकेज एखाद्या शिक्षकाने काढले, तर मेटापॅकेजही जाते, त्यानंतर ऑटोरिमूव्हची आज्ञा यादीतली उरलेली पॅकेजे अनाथ समजून काढायला निघते आणि पुढच्या वर्षी आपण यादीत घातलेली नवी भर त्या संगणकावर पोहोचतच नाही. ब्लेंड्स-डेव्ह आणि उबुंटूचे जर्मिनेट ही साधने साध्या मजकुराच्या याद्यांवरून अशी मेटापॅकेजे तयार करतात. पण आठ-दहा पॅकेजांसाठी ती लागत नाहीत, इक्विव्ह्स हे छोटे साधन पुरते.

कधी ना कधी डेबियनचेच एखादे पॅकेज दुरुस्त करावे लागते, आणि तिथे आवृत्तीच्या क्रमांकावर सगळे गाडे अडते. समजा डेबियन १२ मध्ये एका पॅकेजचा क्रमांक २.१०-३ आहे. आपण त्यात छोटी दुरुस्ती केली आणि क्रमांक दिला २.१०-३+शाळा१. दिसायला नीटनेटका आहे. आता डेबियनच्या सुरक्षा चमूने त्याच पॅकेजमधील गंभीर भगदाड बुजवून २.१०-३+डेब१२यू१ प्रसिद्ध केले. डीपीकेजी दोन्ही क्रमांक डावीकडून ताडून पाहतो. अधिकचे चिन्ह दोन्हीकडे सारखे, त्यापुढे रोमन लिपीत 'शाळा'चे एस आणि 'डेब'चे डी. वर्णक्रमात एस नंतर येतो, म्हणून आपले पॅकेज अधिक नवे ठरते आणि डेबियनची सुरक्षा-दुरुस्ती त्या संगणकावर कधीच बसत नाही. कोणतीही चूक दाखवली जात नाही, ॲप्ट समाधानाने सांगतो की सर्व काही अद्ययावत आहे. हेच अधिकचे चिन्ह गाळून २.१०-३शाळा१ लिहिले असते, तर अक्षरे इतर चिन्हांच्या आधी येतात या डीपीकेजीच्या नियमाने डेबियनचा क्रमांक वरचढ ठरला असता. आपली दुरुस्ती तात्पुरती गेली असती, पण भगदाड बुजले असते, आणि आपण नव्या आवृत्तीवर दुरुस्ती पुन्हा चढवू शकलो असतो. उबुंटू आपले नाव अधिकच्या चिन्हाविना जोडते, त्याचा फायदा हाच.

पुढच्या डेबियनमधील नवे पॅकेज मागे आणायचे असेल तर टिल्डे (~) वापरावा. २.११-१~शाळा१ हा क्रमांक २.११-१ पेक्षा लहान गणला जातो, म्हणून संगणक पुढच्या डेबियनवर चढला की आपले पॅकेज सन्मानाने बाजूला होते. डेबियनचे बॅकपोर्ट्सही (अशी मागे आणलेली पॅकेजे) हीच खूण वापरतात. शंका असेल तर डीपीकेजीला दोन क्रमांकांची तुलना करायला सांगावे, तो क्षणात खरे-खोटे सांगतो. आवृत्तीच्या क्रमांकाचा हा निर्णय मी आयएसओच्या कोणत्याही सजावटीपेक्षा महत्त्वाचा मानतो.

दुरुस्तीचे काम गिट-बिल्डपॅकेजमध्ये (बदलांचा इतिहास ठेवून पॅकेज बांधण्याच्या साधनात) ठेवावे, प्रत्येक बदल क्विल्टचा वेगळा पॅच (फक्त बदललेल्या ओळींची फाइल) असावा आणि पॅचच्या डोक्यावर तो कोणी, का केला आणि मूळ प्रकल्पाकडे पाठवला की नाही, हे लिहावे. डेबियनमध्ये या मथळ्याचा ठरलेला नमुना आहे. बांधणी आपल्या लॅपटॉपच्या चालू प्रणालीवर न करता एसबिल्ड किंवा पीबिल्डरच्या स्वच्छ क्रूटमध्ये करावी, नाहीतर आपल्याकडे चुकून असलेल्या एखाद्या लायब्ररीवर पॅकेज अवलंबून राहते. आणि पॅच मूळ प्रकल्पाकडे पाठवावा. यात परोपकाराचा भाग थोडा आणि स्वार्थाचा जास्त आहे. तो तिकडे स्वीकारला गेला की आपल्या अंगावरचे काम कमी होते. उबुंटूत डेबियनचे न बदललेले पॅकेज आपोआप आत येते, पण ज्याच्या क्रमांकात 'उबुंटू' आले आहे ते प्रत्येक चक्रात माणसाला हाताने जुळवून घ्यावे लागते. मर्ज-ओ-मॅटिकसारखे साधन मदत करते, निर्णय मात्र माणसालाच घ्यावा लागतो.

आयएसओ बांधण्याच्या साधनांवर इंटरनेटवर सर्वाधिक लिखाण आहे, म्हणून येथे थोडक्यात. डीबूटस्ट्रॅप रिकाम्या फोल्डरात किमान डेबियन उभे करते, एमएमडीबूटस्ट्रॅप तेच अधिक वेगाने आणि एकाहून अधिक रिपॉझिटरी घेऊन करते, लाइव्ह-बिल्ड त्यावर पूर्ण लाइव्ह (न बसवता थेट चालणारी) आयएसओ रचते. काली आणि टेल्स दोन्ही लाइव्ह-बिल्ड वापरतात आणि आम्हीही. त्यातील 'कॉन्फिग' फोल्डर हीच प्रकल्पाची खरी वही. पॅकेजांच्या याद्या एका उपफोल्डरात, आपल्या रिपॉझिटरीचा पत्ता आणि चावी दुसऱ्यात, जशाच्या तशा टाकायच्या फाइली तिसऱ्यात आणि बांधणीदरम्यान चालणाऱ्या स्क्रिप्ट चौथ्यात. हे सगळे गिटमध्ये ठेवावे. शेवटच्या दोन फोल्डरांत गर्दी वाढू लागली, की पॅकेजमध्ये जायला हवे होते ते काहीतरी इकडे साचते आहे असे समजावे. लाइव्ह आयएसओची गरजच नसेल आणि फक्त संगणक भरायचे असतील, तर सिंपल-सीडीडी किंवा डेबियनच्या इन्स्टॉलरला प्रीसीडची, म्हणजे त्याच्या प्रश्नांची उत्तरे आधीच भरलेली, फाइल देणे पुष्कळ. कक्षातील सगळे संगणक नेटवर्कवरून एकदम बसवायचे असतील तर एफएआय. छोट्या बोर्डांच्या एसडी कार्डासाठी डेबॉस बरे.

एकच आयएसओ दोन वेगळ्या दिवशी बांधली तर ती सारखी येत नाही, कारण मधल्या काळात मिरर बदललेला असतो. डेबियनची स्नॅपशॉट ही सेवा २००५ पासूनच्या रिपॉझिटरी तारीख-वेळेनुसार जपून ठेवते. बांधणीसाठी त्यातली ठरावीक तारीख द्यावी, सोर्स-डेट-इपॉक (बांधणीची ठरलेली वेळ) निश्चित करावा आणि बसवलेल्या प्रणालीत मात्र नेहमीच्या मिररचाच पत्ता जाईल याची खात्री करावी. टेल्सने २०१७ मध्ये आपली आयएसओ कोणालाही हुबेहूब पुन्हा बांधता येईल अशी केली. आम्हाला तेवढी मजल गाठायची गरज नाही, पण एखाद्या शाळेतून तक्रार आली की नेमकी तीच आयएसओ पुन्हा बांधता येणे फार उपयोगाचे ठरते.

रिपॉझिटरीसाठी रेप्रेप्रो किंवा ॲप्टली. रेप्रेप्रो साधे आणि जुने आहे, ॲप्टलीमध्ये रिपॉझिटरीचा स्नॅपशॉट घेऊन तो प्रसिद्ध करता येतो आणि बिघडले तर आधीच्या स्नॅपशॉटवर परतता येते. कोणतेही घ्या, पण रिलीज फाइलीतील ओरिजिन, लेबल, सूट आणि कोडनेम ही चार नावे पहिल्याच दिवशी विचारपूर्वक ठरवा. ती नंतर बदलली तर ॲप्ट अडून बसतो आणि 'या रिपॉझिटरीने आपली ओळख बदलली आहे, मान्य आहे का' असे प्रत्येक संगणकावर विचारतो. आपल्या रिपॉझिटरीला सरसकट उंच प्राधान्य देऊ नये. ते १००० पर्यंत गेले, तर ॲप्ट आपले जुने पॅकेज बसवण्यासाठी डेबियनचे नवे पॅकेज खाली उतरवायलाही कमी करत नाही.

रिपॉझिटरीची स्वाक्षरी तपासण्याची सार्वजनिक चावी आपल्याच एका पॅकेजमधून द्यावी आणि सोर्सेसच्या फाइलीत 'साइन्ड-बाय' लिहून ती फक्त आपल्या रिपॉझिटरीपुरती मर्यादित ठेवावी. स्वाक्षरी करण्याच्या गुप्त चावीची एक प्रत दुसऱ्या विश्वासू व्यक्तीकडे, दुसऱ्या गावी असावी. एप्रिल २०२५ मध्ये कालीच्या चमूने आपल्याच रिपॉझिटरीच्या स्वाक्षरीची चावी हरवली. नवी चावी काढावी लागली आणि जगभरच्या वापरकर्त्यांना ती हाताने उतरवून बसवावी लागली. कालीच्या वापरकर्त्यांना अशी आज्ञा टर्मिनलमध्ये लिहिता येते. आमच्या शाळांमध्ये तोच प्रसंग म्हणजे प्रत्येक गावाला एसटीने एक फेरी. आयएसओचे चेकसम (फाइल बदललेली नाही ना, हे पडताळण्याचा आकडा) नुसते संकेतस्थळावर लावूनही भागत नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि १७.३ सिनॅमनची लिंक बदलून मागील दार असलेल्या आयएसओकडे वळवली गेली. संकेतस्थळ ज्याच्या ताब्यात गेले तो चेकसमही बदलू शकतो, म्हणून चेकसमच्या फाइलीवर जीपीजी स्वाक्षरी हवी.

नाव आणि ओळख यांबाबत दोन टोकाच्या चुका दिसतात. काही जण सगळे तसेच ठेवतात, त्यामुळे वापरकर्त्याची तक्रार थेट डेबियनच्या बग-यादीत जाते आणि आपण केलेल्या बदलाचे पाप त्यांच्या माथी बसते. काही जण सगळीकडे आपले नाव कोरतात, मग बाहेरच्या कार्यक्रमांच्या स्क्रिप्ट प्रणाली ओळखण्यास नकार देतात. प्रणालीची ओळख सांगणाऱ्या ओएस-रिलीज फाइलीत आयडी आपला, आयडी-लाइक डेबियन आणि तक्रारीचा पत्ता आपला, अशी मांडणी करावी. डीपीकेजीच्या ओरिजिन्स फोल्डरातही आपली नोंद करावी. बोधचिन्हांचे नियम प्रत्येक प्रकल्पाचे वेगळे असतात आणि ते वाचल्याशिवाय आयएसओ वाटू नये. खुद्द डेबियनला मोझिलाशी झालेल्या नाव-चिन्हाच्या मतभेदामुळे २००६ पासून २०१६ पर्यंत फायरफॉक्स 'आइसवीझल' या नावाने द्यावा लागला होता.

सोर्सचे (कार्यक्रमाच्या मूळ लिखित रूपाचे) बंधन तर सर्रास विसरले जाते. जीपीएल या मुक्त परवान्याखालील कार्यक्रम पेनड्राइव्हवरून शाळेला दिला की सोर्स उपलब्ध करण्याची जबाबदारी देणाऱ्यावर येते. 'तो मूळ डिस्ट्रोच्या सर्व्हरवर आहेच की' एवढे म्हणून हात झटकता येत नाहीत. २००६ मध्ये मेपिस या डिस्ट्रोला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने नेमक्या याच मुद्द्यावर जाब विचारला होता. लाइव्ह-बिल्डमध्ये सोर्सची वेगळी प्रतिमा बांधण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवावा आणि प्रत्येक वाटलेल्या आयएसओशेजारी ती प्रतिमा जपावी.

सिक्युअर बूटसाठी (फक्त स्वाक्षरी असलेली प्रणाली सुरू होऊ देणाऱ्या सोयीसाठी) माझा सल्ला एका ओळीचा आहे: स्वतःचे कर्नल बांधू नका. डेबियन १० पासून डेबियनचे शिम व ग्रब (संगणक सुरू होताना प्रणाली उचलणारे कार्यक्रम) आणि कर्नल स्वाक्षरीसह येतात. ते जसेच्या तसे वापरले तर आधारित डिस्ट्रोला काहीच करावे लागत नाही. बदललात, तर ती साखळी तुटते आणि आपल्या चावीची नोंद प्रत्येक संगणकावर निळ्या पडद्यासमोर बसून करावी लागते. एक बारकावा असा की डेबियनचे स्वाक्षरी केलेले ग्रब आपली फाइल ईएफआय विभागातील 'डेबियन' याच फोल्डरात शोधते. हौसेने त्या फोल्डराला आपल्या डिस्ट्रोचे नाव दिले, की संगणक ग्रबच्या कोऱ्या आज्ञा-ओळीवर थांबतो.

चाचणीत बहुतेकांचा भर नवी आयएसओ क्यूईएमयू या आभासी संगणकामध्ये चालू होते का, एवढ्यावरच असतो. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती जुन्या आयएसओवरून बसवलेला संगणक आजपर्यंतच्या सर्व अपडेटसह नीट वर येतो का, ही चाचणी, कारण शाळेत बसवलेले संगणक नेमके त्याच अवस्थेत असतात. आपल्या पॅकेजांवर प्युपार्ट्स चालवावे. पॅकेज बसवून आणि काढून झाल्यावर मागे काही कचरा राहतो का, हे ते दाखवते.

आणि शेवट कसा करायचा, हेही सुरुवातीलाच लिहून ठेवावे, कारण छोट्या गटांच्या डिस्ट्रो बंद पडतात. नोकरीसाठी कोणी बंगळूरला जाते, कोणाच्या घरी तान्हे बाळ येते, सर्व्हरचे भाडे भरायचे राहते. बंद करताना रिपॉझिटरीचा पत्ता आणि चावी देणाऱ्या आपल्या पॅकेजचा एक अखेरचा अपडेट काढावा, जो तो पत्ता काढून टाकेल आणि डेबियनचा पत्ता, विशेषतः सुरक्षा-रिपॉझिटरीचा, जागेवर आहे याची खात्री करेल. ओएस-रिलीज आणि ओरिजिन्समधील आपली नोंदही त्यातच मागे घ्यावी. कॉन्फिग-पॅकेज-डेव्हने सरकवलेल्या फाइली ती पॅकेजे निघाली की परत येतात, आणि टिल्डे असलेली आपली पॅकेजे पुढच्या डेबियनवर जाताना बदलली जातात. हा अपडेट मिररवर किमान काही महिने राहू द्यावा, कारण शाळा सुट्टीत बंद असतात आणि संगणक जूनमध्ये उघडतात. आधी एका चाचणी-संगणकावर तो चालवून कोणत्याही रिपॉझिटरीत न सापडणाऱ्या पॅकेजांची यादी ॲप्टला विचारावी. त्या यादीत आपल्या बाजूचे जे काही उरलेले दिसेल, त्याची सोय त्याच अपडेटमध्ये करून मग तो सगळ्यांसाठी सोडावा.